पाकिटावरच्या चित्रातला न लिहिलेला युक्तिवाद कसा वाचायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही पदवीच्या पहिल्या वर्षाला माध्यमांचा विषय शिकवता. विद्यार्थ्यांना घरातली पाकिटं आणायला सांगून ‘यातला छुपा युक्तिवाद शोधा’ असा गृहपाठ दिलात, आणि बहुतेकांनी ‘हिरवा म्हणजे निसर्ग, लाल म्हणजे ऊर्जा, हसरं मूल म्हणजे आनंद’ एवढंच लिहून आणलं. शब्दांत काही दावा नसताना चित्रात युक्तिवाद आहे हे त्यांना दाखवायचं कसं, आणि आपण नको तो अर्थ काढत नाही ना हे ओळखायचं कसं, हे तुम्हाला हवंय. शिवाय मार्क कसे द्यायचे, हेही. पाकिटांची डिझाइनं छपाईला जाण्याआधी तपासणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे उत्तर त्या बाजूने देतो.

आधी अडचण नेमकी कुठे आहे ते बघू. ‘हिरवा म्हणजे निसर्ग’ हे वाक्य चूक नाही, पण त्याचं पुढे काही करता येत नाही. ते खोडता येत नाही, त्याला पुरावा मागता येत नाही. युक्तिवाद म्हटला की कुणीतरी काहीतरी पटवू पाहतंय, त्यासाठी कारण पुढे करतंय, आणि ते कारण पुरेसं आहे का यावर भांडता येतं. म्हणून पहिला नियम हाच द्या: पाकीट बघून असं एक पूर्ण वाक्य लिहा, ज्याला समोरचा ‘छे, हे खोटं आहे’ असं म्हणू शकेल. ‘हिरव्या रंगामुळे ताजेपणा जाणवतो’ हे बाद. ‘या बिस्किटात साध्या बिस्किटापेक्षा जास्त तंतू (फायबर) आहेत’ हे चालेल. हे वाक्य पाकिटावर कुठेही छापलेलं नसेल. ते चित्रातूनच निघतंय हे दाखवायचं, आणि मग ते खरं की खोटं हे तपासायचं.

‘पण चित्र म्हणजे दावा कसा?’ असं वर्गात कुणीतरी विचारेलच. खाद्यपदार्थांपुरतं याचं उत्तर कायद्यातच आहे. एफएसएसएआयच्या, म्हणजे देशातल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, जाहिरात व दावे विनियम, २०१८ मध्ये दाव्याची जी व्याख्या आहे, तिच्यात छापील आणि तोंडी मजकुराच्या बरोबरीने दृश्य मांडणीही धरली आहे. पदार्थाचा उगम, पोषण, प्रक्रिया, घटक यांबद्दल काही ‘सांगणारी’ मांडणी तर दावा आहेच. ‘सुचवणारी’ आणि ‘ध्वनित करणारी’ मांडणीसुद्धा दावाच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्येही दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत उघड आणि गर्भित अशी दोन्ही निवेदनं येतात. तेव्हा विद्यार्थी जे शोधणार आहेत ते हवेतलं नाही, हे पहिल्याच तासाला सांगून टाका.

मांडणीसाठी मी न्यायशास्त्राचा, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्राचा, साचा वापरतो. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा, म्हणजे जे पटवायचंय ते विधान. कारण धूर दिसतोय, हा हेतू, म्हणजे पुढे केलेलं कारण. जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, जसं स्वयंपाकघरात, हे उदाहरण, आणि त्यातलं ‘जिथे जिथे’वालं विधान म्हणजे व्याप्ती. मग ते या डोंगराला लावणं हा उपनय, आणि शेवटचा निष्कर्ष हे निगमन. पाकिटावर यातलं फक्त हेतूचं काम छापलेलं असतं. पाकीट धूर दाखवतं आणि गप्प बसतं. प्रतिज्ञा तुमच्या डोक्यात तयार होते, आणि तिला धरून ठेवणारी व्याप्ती तर तुम्ही घरूनच घेऊन आलेले असता. निष्कर्ष स्वतःच काढल्यामुळे गिऱ्हाईक त्यावर सहसा शंका घेत नाही, आणि कंपनीला ‘आम्ही असं कुठे म्हटलंय?’ असं विचारायला जागा राहते. विद्यार्थ्यांचं खरं काम ही न छापलेली व्याप्ती पूर्ण वाक्यात लिहून काढणं. ते जमलं की बाकीचं आपोआप येतं.

एक पुडा नीट उलगडून बघू. समजा, पाच धान्यांच्या बिस्किटांचा आहे. हा कुठल्या एका कंपनीचा नाही, मी उदाहरणापुरता जुळवलाय, पण असे पुडे कुठल्याही किराणा दुकानात दिसतील. पुढच्या बाजूला वर ब्रँडचं नाव. मागे गोणपाटाचा पोत. मध्यावर लाकडी वाटी थोडी कलंडलेली, तिच्यातून ओट्स सांडलेत. बाजूला गव्हाच्या ओंब्या आणि नाचणीचं कणीस. उजवीकडे मध काढायचा लाकडी दांडा, त्याच्या टोकाला थेंब. समोर दोन बिस्किटं, पृष्ठभागावर दाणे स्पष्ट दिसताहेत. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘चित्र केवळ प्रतीकात्मक’. ‘पौष्टिक’ हा शब्द कुठेही नाही.

पहिली पायरी म्हणजे हे असं कोरडं वर्णन. विशेषणं नकोत, अर्थ नकोत. काय आहे, कुठे आहे, किती जागा व्यापतंय. मोजपट्टी लावायला सांगा. वाटी आणि धान्यांनी पुढच्या बाजूची निम्मी जागा घेतली असेल तर तसं लिहायचं. विद्यार्थी इथे घाई करतात आणि ‘नैसर्गिक वाटणारी वाटी’ असं लिहून मोकळे होतात. मग पुढे काय चित्रात होतं आणि काय आपण घातलं, हे वेगळं करता येत नाही.

आता वाक्यं. वाटी आणि कणसांवरून: ‘या बिस्किटाचा मोठा भाग ओट्स आणि भरड धान्यांचा आहे.’ यामागची व्याप्ती: ‘पाकिटावर जे सगळ्यात ठळक दाखवतात, ते आत सगळ्यात जास्त असतं.’ मधाच्या दांड्यावरून: ‘याची गोडी मधाची आहे.’ व्याप्ती: ‘गोड पदार्थावर गोडीचं एकच साधन दाखवलं असेल, तर गोडी त्यातूनच आलेली असते.’ गोणपाट आणि लाकडावरून: ‘यावर फारशी प्रक्रिया झालेली नाही.’ व्याप्ती: ‘गोणपाट-लाकूड जिथे, तिथे कारखाना नाही.’ ही तिसरी व्याप्ती लिहून काढल्यावर विद्यार्थी हसतात. हसू येणं चांगली खूण आहे. उघड्यावर आणली की टिकत नाही, अशीच बहुतेक छुपी गृहीतकं असतात.

मग पुडा उलटा करा. आपल्या कल्पित पुड्यावर घटकांची यादी अशी आहे: मैदा ५२%, साखर, पाम तेल, गव्हाचं पीठ ६%, ओट्स २%, नाचणी १%, मीठ, ज्वारी, बाजरी, मध ०.२%, पुढे फुगवणारे पदार्थ आणि स्वाद. पोषणाच्या तक्त्यात दर १०० ग्रॅममागे साखर २१ ग्रॅम, तंतू २.४ ग्रॅम, सोडियम ३२० मिलिग्रॅम. यादी वाचायचा नियम असा की बनवताना घातलेल्या वजनाच्या उतरत्या क्रमाने घटक लिहावे लागतात. शिवाय शब्दांनी किंवा चित्राने ज्या घटकावर भर दिलाय, त्याची टक्केवारीही द्यावी लागते. वाटीत ओट्स दाखवले म्हणूनच मागे ‘२%’ छापावं लागलंय.

ज्वारी आणि बाजरीची टक्केवारी दिलेली नाही, तिथे मिठाचा उपयोग करा. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ किती ते अंदाजे कळतं: ३२० मिलिग्रॅम गुणिले २.५ म्हणजे ०.८ ग्रॅम. यादीत मिठाच्या नंतर जे काही आहे ते त्याच्यापेक्षा जास्त असू शकत नाही, म्हणजे ज्वारी आणि बाजरी प्रत्येकी ०.८ टक्क्याच्या आत. खाण्याच्या सोड्यातूनही थोडं सोडियम येतं, त्यामुळे मीठ खरं तर याहून कमीच असणार आणि आपली मर्यादा आणखी आवळते. मोबाइलवर अर्ध्या मिनिटात होणारं गणित आहे.

आता प्रत्येक वाक्याची परीक्षा. न्यायशास्त्रातले पाच हेत्वाभास, म्हणजे हेतूतले दोष, इथे सगळे लागत नाहीत, तीन पुरतात. पहिला असिद्ध: हेतूच मुळात नाही. चित्रात जे दाखवलंय ते आत नाहीच. आपल्या पुड्यात असं झालेलं नाही. ओट्स आहेत, मधही आहे. दुसरा सव्यभिचार: हेतू आहे, पण व्याप्ती गळकी आहे. ‘ठळक ते जास्त’ हा नियम मोडणारी उदाहरणं दुकानात जागोजागी सापडतात, त्यामुळे वाटीवरून काढलेला निष्कर्ष इथे पडतो. तिसरा बाधित: याहून बळकट पुरावा उलटं सांगतोय. गोडी मधाची, हे वाक्य २१ ग्रॅम साखर आणि ०.२% मध या दोन आकड्यांनी थेट खोडलं जातं. प्रत्येक वाक्यापुढे यातला एक शब्द आणि त्याचं कारण, एवढं जरी विद्यार्थ्यांनी लिहिलं तरी काम झालं. आणि कधी कधी ‘काही दोष नाही, युक्तिवाद टिकतो’ असंही लिहायची त्यांना मुभा हवी. शंभर टक्के शेंगदाण्यांच्या कुटावर शेंगदाण्याचं चित्र असेल तर ते खरंच सांगतंय.

या पुड्यातली सगळ्यात शिकवणारी गोष्ट मात्र तंतूंच्या आकड्यात आहे. ‘तंतूंचा स्रोत’ असं लिहायचं तर घन पदार्थात दर १०० ग्रॅममागे निदान ३ ग्रॅम तंतू लागतात, आणि ‘भरपूर तंतू’ म्हणायचं तर ६ ग्रॅम. इथे आहेत २.४. म्हणजे शब्द वापरता येत नाही. मग ओंब्या, कणसं आणि दाणेदार पृष्ठभाग तेच काम करतात. माझ्या कामात ही सगळ्यात उपयोगी खूण ठरते: जिथे शब्द अडतो तिथे चित्र कामाला लावलं जातं. म्हणून विद्यार्थ्यांना एक प्रश्न कायमचा देऊन ठेवा. या चित्राच्या जागी कुठला शब्द यायला हवा होता, आणि तो का आला नाही?

खाद्यतेलाच्या पिशव्यांवर हे फार स्वच्छ दिसतं. तेलाच्या लेबलवर ‘डबल रिफाइंड’, ‘अल्ट्रा रिफाइंड’, ‘अँटी कोलेस्टेरॉल’, ‘सूदिंग टु हार्ट’ असे शब्दप्रयोग नियमांनी बंद केलेत. हृदयाला आराम पडतो असं लिहिता येत नाही. पण पिवळ्या पिशवीवर लाल बदाम (पत्त्यांत असतो तसा हृदयाचा आकार), शेजारी धावणारा मध्यमवयीन माणूस आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवलेली बायको, हे चित्र काय म्हणतंय ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. चित्राला व्याख्येप्रमाणे दावा मानता येतं, पण ‘हा बदाम म्हणजे आरोग्याचा दावा की प्रेमाचं चिन्ह’ यावर वाद घालता येतो, आणि तेवढ्या फटीत डिझाइन राहतं.

तेलाचंच दुसरं उदाहरण ‘कोलेस्टेरॉल फ्री’. इथे शब्द खरा आहे. वनस्पतींपासून काढलेल्या कुठल्याच तेलात सांगण्याजोगं कोलेस्टेरॉल नसतं. मग दोष कुठे? दोष न छापलेल्या वाक्यात: ‘शेजारच्या पिशवीत ते आहे.’ आणि त्यामागची व्याप्ती अशी की, ज्याचा मुद्दाम उल्लेख केला जातो तो सगळीकडे नसतो. माणसं एकमेकांशी बोलताना याच भरवशावर बोलतात. शेजारी म्हणाला ‘आज मी प्यायलेलो नाही’, तर तुम्ही कालचा विचार करताच. म्हणूनच नियमात अशी तरतूद आहे की जो पदार्थ स्वभावतःच एखाद्या घटकापासून मुक्त आहे, त्याने आपल्या नावापुढे ‘मुक्त’ लावून वेगळेपण मिरवायचं नाही. तो सगळा प्रकारच तसा आहे हे कळेल अशी भाषा वापरायची. ‘खरं बोलून दिशाभूल’ हा धडा शिकवायला याहून सोपं साधन मला माहीत नाही.

आंब्याच्या पेयावर थोडं, कारण ते वर्गात येणारच. कापलेला आंबा, त्यातून ओघळणारा रस, रसाची धार थेट बाटलीत. ही धार बघायला सांगा. नुसता आंबा बाटलीशेजारी ठेवला असता तर ‘आंब्याची चव’ इतकंच वाक्य निघालं असतं. धारेने आंबा आणि बाटली जोडली की वाक्य बदलतं: ‘बाटलीतलं द्रव म्हणजे आंब्याचा रस.’ फळांच्या तयार पेयात फळाचा अंश किमान १०% असला की पुरतो, लिंबाच्या बाबतीत ५%. मागे बहुधा पाणी पहिलं असेल, मग साखर आणि आंब्याचा गर, कुठलं आधी ते पाकिटागणिक बदलतं. कुठला आंबा, तेही बघा. चित्रातल्या आंब्याचा आकार आणि केशरी झाक हापूसची असेल आणि मागे नुसतंच ‘आंब्याचा गर’ असेल, तर जातीबद्दल पाकीट काहीच सांगत नाही. ते तुमच्या डोळ्यांनी भरून काढलं. हापूसला २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यामुळे नाव लिहिणं जोखमीचं. आकार काढायला कुणी अडवत नाही. पेयांच्याच बाबतीत जून २०२४ मध्ये एफएसएसएआयने ‘१००% फळांचा रस’ हा दावा पाकिटांवरून आणि जाहिरातींतून काढायला सांगितलं, कारण दाट केलेल्या अर्कात पाणी मिसळून परत बनवलेल्या रसात मुख्य घटक पाणीच असतो. तिथे शब्द गेला. फळांचे ढीग तसेच आहेत की तेही बदलले, हे जुनी-नवी पाकिटं शेजारी ठेवून बघण्यासारखं आहे.

वरच्या धारेवरून एक सर्वसाधारण गोष्ट लक्षात येईल. चित्रांना ‘कारण’, ‘म्हणून’, ‘पेक्षा’ असे शब्द नसतात, त्यांची कामं मांडणी करते. शेजारी ठेवणं म्हणजे ‘याच्यासारखं’ किंवा ‘याच्याबरोबर’. धार, बाण, सांडणं म्हणजे ‘यातून हे झालं’. डावीकडून उजवीकडे दोन अवस्था म्हणजे ‘आधी’ आणि ‘नंतर’, आणि त्यांच्यामध्ये उत्पादन उभं केलं की ‘यामुळे’. गोरं करणाऱ्या क्रीमवर वर्षानुवर्षं एकाच बाईचे सावळ्यापासून उजळापर्यंतचे चेहरे ओळीने छापले जात. त्यात एकही क्रियापद नव्हतं, तरी कार्यकारणभाव पूर्ण होता. आणि दुसरं एक न बोललेलं विधानही होतं, जे पहिल्यापेक्षा जास्त गंभीर: उजवीकडचा चेहरा जास्त चांगला. १९७५ पासून चालत आलेलं ‘फेअर अँड लव्हली’ हे नाव २०२० मध्ये ‘ग्लो अँड लव्हली’ झालं. चेहऱ्यांची जोडी आणि छटांची पट्टी पाकिटावरून त्याआधीच गेली होती. विद्यार्थ्यांना विचारा, चेहरे गेले, नाव गेलं, तरी तो युक्तिवाद किती उरला आणि कशात उरला? इथे एकच बरोबर उत्तर नाही, आणि तसं ते नसणंच बरं.

आता तुमच्या दुसऱ्या काळजीकडे येतो: नको तो अर्थ काढणं. यासाठी दोन चाचण्या आहेत आणि दोन्ही कराव्यात.

एक, अदलाबदल. चित्रातला एकच घटक बदला, बाकी सगळं तसंच ठेवा, आणि बघा की वाक्य बदलतं का. ओट्सच्या वाटीच्या जागी मैद्याची परात ठेवली तर? मधाच्या दांड्याच्या जागी साखरेचं पोतं? मसाल्याच्या पाकिटावरची नऊवारीतली आजी आणि पाटा-वरवंटा काढून तिथे कांडप यंत्राशेजारी उभा असलेला माणूस दाखवला तर? ‘घरी वाटल्यासारखा’ हे वाक्य तिथल्या तिथे मोडतं, म्हणजे ते आजी आणि पाट्यावरच उभं होतं. घटक बदलूनही वाक्य तेच राहत असेल, तर तो घटक युक्तिवादात नाही. गोणपाटाच्या जागी साधा तपकिरी कागद ठेवून बघा, बहुतेक काही फरक पडत नाही. मग विद्यार्थ्याने ‘गोणपाट’ हा शब्द सोडून ‘तपकिरी, खरबरीत पोत’ असं लिहावं. युक्तिवाद तेवढ्यावरच आहे.

दोन, शेजाऱ्यांशी ताडणं. एक पाकीट एकटं कधीच वाचू नका. त्याच कपाटातली पाच-सहा प्रतिस्पर्धी पाकिटं घ्या. जे सगळ्यांवर आहे ते त्या प्रकाराची ओळख असते, जे एकावरच आहे तिथे युक्तिवाद असण्याची शक्यता जास्त. खोबरेल तेलाची बाटली निळी का, याचं उत्तर विद्यार्थी ‘निळा म्हणजे शांतता, समुद्र, कोकण’ असं देतील. पॅराशूटची निळी बाटली इतकी रुळली की निळा रंग म्हणजेच खोबरेल, असं होऊन बसलं. नंतर आलेल्या कितीतरी बाटल्या निळ्याच आहेत. नव्या बाटलीच्या निळेपणातून एवढंच निघतं की ‘मीही खोबरेल तेल आहे, तुम्ही नेहमी घेता तसलंच’. हा छोटा युक्तिवाद आहे खरा, पण समुद्राशी त्याचा संबंध नाही. पार्ले-जीच्या पुड्यावरचं मूल किंवा अमूलची मुलगी यांचंही तसंच. इतकी वर्षं झाल्यावर त्या मुखड्यांवरून कुणी ‘हे खाल्लं की मूल असं होईल’ असा निष्कर्ष काढत नाही, ती ओळखीची मोहोर आहे. आणि काही गोष्टी तर सक्तीच्या असतात: चौकोनातला हिरवा गोल, मांसाहारासाठी तपकिरी त्रिकोण, निव्वळ वजन, किरकोळ किंमत. हिरव्या गोलावरून ‘निसर्गाशी जवळीक’ असं लिहिलेलं असेल तर ते सरळ खोडा. तो गोल डिझायनरने निवडलेला नाही.

याच्या उलट चूकही होते. अंड्यांच्या खोक्यावर गवतात फिरणारी कोंबडी आणि आत तपकिरी अंडी असली की विद्यार्थी ‘नेहमीचंच चित्र आहे’ म्हणून सोडून देतात. पण तिथे दोन वेगळे युक्तिवाद एकमेकांना टेकू देताहेत. गवत म्हणतं कोंबडी मोकळी होती, कवच म्हणतं अंडं गावरान आहे. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, तिला पिंजऱ्यात ठेवलं की मोकळं, यावर नाही. गवताचं खरं-खोटं मागच्या मजकुरावरून कळतं का तेही बघा. बऱ्याचदा मागे पाळण्याच्या पद्धतीबद्दल अवाक्षर नसतं.

या दोन चाचण्यांनंतरही शंका राहिली, तर माणसांना विचारा. विषय न शिकलेले आठ-दहा जण घ्या, पाकिटाची पुढची बाजू पाच सेकंद दाखवा, झाका, आणि मग ‘आत काय काय असेल? सगळ्यात जास्त काय असेल?’ एवढंच विचारा. ‘हे पौष्टिक वाटतं का?’ असं विचारलंत की उत्तर तुम्हीच तोंडात घातलंत. बहुतेकांनी न विचारता तेच सांगितलं, तर तुमचं वाक्य चित्रातच आहे. एकानेच सांगितलं तर ते कदाचित तुमच्या डोक्यात आहे. हीच पाकिटं त्याच माणसांना पुन्हा दाखवू नका, मागची बाजू बघितल्यावर नजर बदलते.

बारीक अक्षरांतल्या खुलाशाबद्दल एक वेगळी सूचना. ‘चित्र केवळ प्रतीकात्मक’ किंवा ‘ताटात वाढण्याची एक पद्धत’ असं लिहिलं की युक्तिवाद मागे घेतला, असं विद्यार्थी धरतात. तसं होत नाही. खुलासा हेतूपासून हात झटकतो, पण तुमच्या डोक्यातली व्याप्ती तशीच राहते. ‘नॅचरल’, ‘फ्रेश’, ‘ट्रॅडिशनल’ यांसारखा शब्द ब्रँडच्या नावातच असेल आणि त्याने दिशाभूल होण्याचा संभव असेल, तर ‘हे फक्त ब्रँडचं नाव आहे, पदार्थाचं खरं स्वरूप नव्हे’ अशा अर्थाचं वाक्य किमान ३ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत द्यावं लागतं. ब्रँडची अक्षरं किती उंचीची आहेत ती मोजा आणि दोन्ही आकडे शेजारी लिहा. टीका करायची गरज पडत नाही.

हे सगळं परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे, हेही सांगून ठेवतो. वर दिलेले नियम खाद्यपदार्थांचे आहेत. सौंदर्यप्रसाधनं, औषधं, साबण यांची चौकट वेगळी, तिथे हेच आकडे लावू नका. नियम बदलत राहतात, त्यामुळे जुनं पाकीट जुन्या नियमाने वाचायचं. पाकीट कुठे बघितलं जातं यावरही फरक पडतो. दुकानात ते हातात घेऊन उलटता येतं. मोबाइलवर मागवताना बोटाच्या नखाएवढं चित्र दिसतं, त्यात ‘२%’ वाचता येत नाही, फक्त वाटी दिसते. आणि व्याप्ती माणसागणिक बदलते. नाचणीचं कणीस कोकणातल्या किंवा कोल्हापूरकडच्या माणसाला लगेच ओळखू येतं, शहरात वाढलेल्या मुलांपैकी कित्येकांना ते फक्त ‘काहीतरी धान्य’ असतं. त्यांच्यासाठी तिथे वेगळा युक्तिवाद चालतो, आणि ते तसं लिहीत असतील तर मार्क कापू नका.

मार्कांचं म्हणाल तर २० पैकी मी असे वाटेन: कोरड्या वर्णनाला ४, खोडता येईल अशा वाक्यांना ४, न छापलेल्या व्याप्तीला ६, मागच्या बाजूच्या आकड्यांशी ताडण्याला ४ आणि अदलाबदलीला २. व्याप्तीला सगळ्यात जास्त, कारण ती पुस्तकातून उतरवता येत नाही. वाक्यं तीनच मागा. दहा मागितलीत की पुन्हा रंगांचे अर्थ सुरू होतील. पहिल्या खेपेला सगळ्यांना एकाच प्रकारची पाकिटं द्या, म्हणजे शेजाऱ्यांशी ताडायला सामान वर्गातच तयार असेल. आंब्याचं पेय किंवा तेल सोपं पडतं, बिस्किटं दुसऱ्या खेपेला.

तंबाखूची पाकिटं मात्र या गृहपाठात नकोत. एप्रिल २०१६ पासून त्यांच्या दर्शनी भागाचा ८५% हिस्सा सरकारी इशाऱ्याचा असतो, चित्र आणि मजकूर मिळून. त्या पाकिटावर एकाच वेळी दोन वक्ते बोलतात आणि कंपनीच्या वाट्याला उरलेली पट्टी, कडा आणि रंग एवढंच येतं. त्या उरलेल्या पट्टीत काय काय बसवलं जातं, याला एक आख्खा वेगळा तास ठेवा.